मागच्या बाकापर्यंत

सकाळी तिचा एक डोळा दुधावर होता आणि दुसरा सुईच्या नेढ्यावर. शिंप्याकडचे शर्ट दुपारपर्यंत काजं-बटणं करून परत द्यायचे होते. दुधाचं म्हणाल तर आपण पाठ फिरवेपर्यंत ते शहाण्यासारखं पातेल्यात बसतं आणि पाठ फिरवली रे फिरवली की वर येतं, हे तिला इतक्या वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. मागच्या अंगणात तिचा नवरा सायकल स्टँडवर चढवून साखळीला तेल देत होता. ही सायकल म्हणजेच त्याचं दुकान. पुढच्या दांडीवर धार लावायचा गोल दगड, त्याला पट्टा, आणि पायडल मारलं की दगड गरागरा फिरायचा. सुऱ्या, कात्र्या, सुताराचे पटाशी-रंधे, जे येईल त्याला धार.

"अहो, चहा निवतोय."

"हं."

"दुसऱ्यांदा सांगतेय."

"हं."

घरात त्याची भाषा ही एवढीच. होकाराचा हं, नकाराचा हं, भूक लागल्याचा हं, आणि तुझी आई आली तर येऊ दे, पण किती दिवस, असं विचारणारा एक लांबट हं. तिला ते सगळे ओळखू यायचे. बाहेर मात्र हाच माणूस गल्लीच्या तोंडाशी उभा राहून "धाऽऽर! सुरी-कात्री धाऽऽर!" अशी आरोळी ठोकायचा तेव्हा पलीकडच्या आळीतली कुत्रीसुद्धा उठून बसायची. गावानं त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं. लग्नाआधी तिनंही त्याला पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. एवढ्या आवाजाच्या माणसाबरोबर घर कसं शांत राहणार, म्हणून तिची आई काळजीत होती. आईची काळजी अगदीच उलट्या बाजूला होती.

एवढ्यात दारावर थाप पडली.

ती दचकलीच. या घराचं दार लोक ढकलून आत यायचे, वाजवायचं कुणी नाही. उघडून बघते तर मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांत पहिले, आणि कधीही इस्त्रीशिवाय घराबाहेर न पडणारे. आज त्यांच्या शर्टाचं एक बटण खालच्या काजात गेलं होतं आणि तिथून पुढची सगळी बटणं एकेक घर चुकली होती. तिला ते आधी दिसलं, आणि मग त्यांचा चेहरा.

"पाळकसाहेब गेले," मास्तर म्हणाले. "पहाटे. झोपेतच. पाळकीणबाई उठवायला गेल्या तर..."

मागच्या दारात नवरा येऊन उभा राहिला होता, हाताला तेल, तेलाचे थेंब उंबऱ्यावर. त्यानं हं म्हटलं नाही. दूध वर आलं, काठावरून उतरलं, शेगडी विझवून गेलं, आणि घरात तीन मोठी माणसं असून कुणी हललं नाही.

---

पाळकसाहेब आणि भोंगा यांचं काय होतं, हे गावाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं.

गावातलं चर्च म्हणजे एक लांबच लांब खोली. पुढे व्यासपीठ, मधे बाकं आणि अगदी शेवटी दार. मागच्या बाकांवर उशिरा येणारे बसत, रडकी पोरं घेऊन आलेल्या आया बसत, आणि ज्यांना आपले कपडे पुढच्या बाकाजोगे वाटत नाहीत ते बसत. पाळकसाहेबांचा जीव त्या मागच्या बाकांत. "पुढे बसणाऱ्यांना मी नसलो तरी चालतं," ते म्हणायचे, "मागे गेलं पाहिजे." तरुणपणी त्यांचा आवाज मागे जायचा. मग गळ्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. उरली ती नुसती कुजबूज, कागदावरून बोट फिरवल्यासारखी.

मंडळीनं माइक आणला. माइकला मोठं करायला आधी काहीतरी लागतं. त्यानं कुजबुजीची खरखर केली आणि खरखरीची मोठी खरखर, आणि एक तान्हं बाळ घाबरून असं रडलं की आईला ते घेऊन बाहेर जावं लागलं. मग बैठक झाली. मास्तरांनी अगदी मऊ शब्दांत मांडलं की साहेबांनी आता विश्रांती घ्यावी.

त्या रविवारी पाळकसाहेब निरोपाचं बोलायला उभे राहिले. ओठ हलले. मागून कुणीतरी विचारलं, "काय म्हणाले?" भोंगा त्या दिवशी चुकून पहिल्या बाकावर होता. मागे जागा नव्हती म्हणून. तो वळला आणि गल्लीत ओरडतो तसा ओरडला, "म्हणतायत, रडू नका! मला अजून जेवण जातंय!"

सगळं चर्च हसलं. पाळकसाहेबांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि दुसरं वाक्य बोलले. त्यानं तेही मागे पोचवलं. मग तिसरं. असं करत करत निरोपाचा उपदेश झाला आणि त्यात निरोप द्यायचा तेवढा राहून गेला.

तेव्हापासून दर रविवारी तो व्यासपीठाच्या उजव्या अंगाला, एक पाऊल मागे, डावा कान पाळकसाहेबांकडे वाकवून उभा. ते एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. हा ते उचलून शेवटच्या बाकापर्यंत न्यायचा. प्रत्येक वाक्य दोनदा होणार म्हटल्यावर पाळकसाहेबांनी वाक्यांची काटछाट केली, अवघड शब्द गेले, आणि म्हातारे म्हणू लागले की घसा गेल्यापासून साहेब फार छान बोलतात.

तिच्या मनात मात्र एक रविवार रुतून बसला होता. पाळकसाहेब म्हणाले होते, घरच्या बाईला दिवसातून एक गोड शब्द बोला, त्याला पैसे पडत नाहीत. आणि तिच्या नवऱ्यानं, समोर बघत, डोळ्याची पापणीही न हलवता ते वाक्य भिंती हादरवत सगळ्या गावाला ऐकवलं. बायका तिच्याकडे बघून पदराआड हसल्या. घरी जाताना ती वाट बघत होती. कोपरा आला, पाणवठा आला, घर आलं.

"मग?" ती म्हणाली.

"काय मग?"

"गोड शब्द."

"ते त्यांनी सांगितलं," तो म्हणाला, "मी नाही."

ती हसली होती. पण नंतर काजं शिवताना तिला कळलं, की तो थट्टा करत नव्हता. जेवताना तिनं कधी विचारलं, की आज उपदेशात काय होतं हो, मी पोरांकडे बघत होते, तर त्याला आठवायचं नाही. "माझ्यातनं गेलं," तो म्हणायचा, "माझ्यात राहत नाही." एवढं मोठं दार होतं त्याच्या आवाजाला, पण आतली खोली कुणी कधी उघडलीच नव्हती. त्यानंही नाही.

---

आणि त्या सकाळी मास्तर नेमकी तीच उघडायला आले होते.

"उद्या सकाळी विधी," ते म्हणाले. "शहरातून मोठे साहेब येणार आहेत, ते बोलतील. मंडळीच्या वतीनं तुम्ही बोलायचं."

मास्तर त्याला जन्मात 'तुम्ही' म्हणाले नव्हते. 'भोंग्या' आणि 'अरे', आणि रागात असले तर 'ए'. त्या 'तुम्ही'नंच तो घाबरला.

"मी नाही. तुम्ही बोला, मास्तर."

"मी बोलायला लागलो की लोक घड्याळ बघतात. मला काय माहीत नाही होय?" मास्तर खुर्चीत बसले. "सगळ्यांचं म्हणणं आहे, साहेबांचा आवाज तुम्हीच होता. दुसरं कोण बोलणार?"

"काय बोलू?"

"मनातलं बोला. आणि 'पोकळी' हा शब्द घ्या. कधीही भरून न येणारी पोकळी. तो लागतो."

मास्तर गेले तेव्हा तिनं त्यांना दारात थांबवलं आणि बटणांकडे बोट दाखवलं. ते तिथंच उभे राहून सगळी काढून पुन्हा लावायला लागले. पुन्हा एक घर चुकलं. शेवटी तिनंच लावून दिली.

आत येऊन बघते तर नवरा शेगडीवरचं सांडलेलं दूध पुसत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"पोकळी म्हणजे?" त्यानं विचारलं.

"खड्डा. म्हणजे रिकामी जागा."

"खड्डा तर उद्या भरणारच आहेत," तो म्हणाला, आणि फडकं पिळताना त्याचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला.

दुपारी समोरच्या सुतारानं हाक मारली. साहेबांसाठी शवपेटी करायला घेतली होती आणि रंध्याचं पातं बोथट झालेलं. तो सायकल घेऊन गेला. ती उंबऱ्यात बसून काजं करत बघत होती. दगड फिरला, ठिणग्या उडाल्या, त्यानं पातं अंगठ्यावर आडवं धरून पाहिलं, पुन्हा दगडावर धरलं. कुणाच्या घरच्या सुरीलाही त्यानं इतका वेळ दिला नसेल.

"उद्या काय बोलणारेस रे भोंग्या?" सुतारानं विचारलं. "एक मात्र सांग लेका. माझ्या बापाला ते रोज येऊन भरवायचे. तो शिव्या द्यायचा तरी."

"तूच सांग की."

"मी? माझी फाटते चार माणसांत."

वाटेनं जाणारा प्रत्येक जण थांबून आपलं आपलं काहीतरी त्याच्या हवाली करत होता. हे सांग, ते सांग, ते विसरू नकोस. पलीकडची आजी तर म्हणाली, "त्यांना माझं लोणचं आवडायचं, एवढं टाक मधे कुठंतरी." तो सगळ्यांना मान डोलवत होता. तिला कळत होतं, की एकही वाक्य आत राहत नाहीये.

संध्याकाळी दोघं पाळकसाहेबांच्या घरी गेले. घर माणसांनी भरलेलं. पाळकीणबाई स्वयंपाकघरात होत्या आणि एक चकचकीत पातेलं पुन्हा घासत होत्या. बाकीची सगळी कामं गावच्या बायकांनी त्यांच्या हातातून काढून घेतली होती, तेवढं एक पातेलं त्यांनी सोडलं नव्हतं.

"या गं," त्या म्हणाल्या. मग त्याच्याकडे बघून, "घसा कसा आहे तुझा?"

त्याचा हात गळ्याकडे गेला.

"काल झोपताना म्हणाले, रविवारचा उपदेश छोटाच करतो. भोंग्याचा घसा दुखतोय सर्दीनं." त्यांनी पातेलं पालथं घातलं. "काढा घे. मिरी घालून."

सांत्वन करायला आलेला माणूस काहीतरी बोलतो. तिनं त्याला कोपरानं ढोसलं. त्यानं पाळकीणबाईंच्या हातातलं पुसायचं फडकं घेऊन पातेलं पुसायला लागला. पुसून झालं तरी पुसत राहिला.

घरी आल्यावर तो मागच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांसमोर उभा राहिला. "प्रिय मंडळीहो," त्यानं सुरुवात केली, आणि थांबला. डावा कान किंचित वाकला. ती खिडकीतून बघत होती. दोरीवरच्या लेंग्यानं काही सुचवलं नाही.

"अहो, साधं सांगा ना," ती बाहेर येऊन म्हणाली. "चांगले होते, प्रेमळ होते."

"ते सगळ्यांना ठाऊकेय. ठाऊक असलेलं ओरडून कशाला सांगायचं?"

"मग तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की तिला वाटलं आपण उगाच विचारलं. "तेच तर," तो म्हणाला. "वाटतं खूप. त्याला शब्द त्यांचे असायचे."

लोक हसतील, ही भीती तिला नव्हती. हसू देत. तिला भीती होती ती वेगळी. उद्या हा उभा राहील, आवाज निघणार नाही, आणि मग आयुष्यभर याला वाटत राहील की ज्या एका दिवशी साहेबांचं ऋण फेडायचं होतं, त्या दिवशी मी मुका झालो. मग तो गल्लीतसुद्धा ओरडायचा नाही. तिनं हे बोलून दाखवलं नाही. मिरी कुटून काढा केला आणि पेला त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो निमूट संपवला.

---

दुसऱ्या दिवशी चर्च इतकं भरलं, की मागच्या दारातून माणसं बाहेर सांडली होती. पेटी पुढे, व्यासपीठाच्या पायाशी. सुताराचं काम असं झालं होतं, की बायका नकळत हात फिरवून बघत होत्या. पाळकीणबाई पहिल्या बाकावर एकट्याच, आणि त्यांच्या बरोबर मागे ती.

शहरातले मोठे साहेब उंच होते, माइकही त्यांनी स्वतःचाच आणला होता. ते छान बोलले. म्हणजे शब्द छान होते. पोकळी आलीच. दीपस्तंभ आला, वटवृक्ष आला. मग ते म्हणाले, "त्यांच्या बुलंद आवाजानं ही वास्तू दर रविवारी दुमदुमत असे!"

अख्ख्या चर्चनं माना वळवल्या आणि भोंग्याकडे पाहिलं. त्यानं बुटांकडे पाहिलं. मोठे साहेब दमले तेव्हा मास्तरांनी खूण केली.

तो उठला. व्यासपीठावर मोकळी जागा होती, मधोमध, माइकसमोर. तो तिथं गेला नाही. आपल्या नेहमीच्या जागी गेला, उजव्या अंगाला, एक पाऊल मागे, आणि डावा कान वाकवून उभा राहिला. कुणाकडे? तिथं तर नुसतं रिकामं व्यासपीठ. आणि तो थांबला.

आधी लोकांना वाटलं, भरून आलंय. मग हळूहळू, बाकामागून बाक, सगळ्यांच्या लक्षात आलं की हा वाक्याची वाट बघतोय. तिनं हातातल्या रुमालाचा बोळा केला. अहो, निदान हं तरी म्हणा, असं त्याला सांगावंसं तिला वाटलं.

मास्तरांना राहवलं नाही. पुढे वाकून ते कुजबुजले, "अरे, बोल की काहीतरी!"

आणि कुजबूज कानावर पडली रे पडली, की त्याच्या छातीतून ते आपसूक निघालं, खणखणीत, पार दाराबाहेरच्या गर्दीपर्यंत:

"अरे, बोल की काहीतरी!"

मग मागच्या बाकावरून कुणाला तरी हसू फुटलं, आणि ते लाटेसारखं पुढे आलं. रडणारे हसले, हसणारे रडले. सुतार तर तोंडात रुमाल कोंबून बसला होता. मास्तरांनी कपाळावर हात मारला. मोठे साहेब माइकशी काहीतरी चाळा करत राहिले. तो बिचारा कानशिलांपर्यंत लाल झाला.

पाळकीणबाईही हसल्या. मागे बसलेल्या तिला त्यांचे खांदे हलताना दिसले. हसता हसताच त्या पेटीकडे झुकल्या आणि काहीतरी बोलल्या. कुणाला नाही, पेटीलाच. डोळे पुसत, घरात नवऱ्याशी बोलावं तसं. ती हातभर अंतरावर होती, तिलाही ऐकू आलं नाही. रडून रडून पाळकीणबाईंच्या गळ्यातही नुसती हवा उरली होती.

पण तो वळला; त्याला ऐकू आलं होतं. इतकी वर्षं त्याच्या कानानं ही एकच गोष्ट केली होती. त्याच्या चेहऱ्यावरची लाली उतरली, आणि ओठ वाक्य उचलायला उघडले सुद्धा. मग ते मिटले. हे वाक्य त्याला कुणी नेऊन पोचवायला दिलेलं नव्हतं. तिला कळलं, तो काय तोलतोय ते.

इतकी माणसं काल त्याच्या हवाली आपलं आपलं करून गेली होती. पाळकीणबाईंना मात्र, बोलणार का, असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांना आणखी त्रास कशाला, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मास्तरांनीही, तिनंही.

तो व्यासपीठावरून खाली आला. पायऱ्या उतरताना बूट वाजले, बाकी सगळं शांत झालं होतं. पाळकीणबाईंसमोर येऊन तो गुडघ्यावर बसला, म्हणजे कान त्यांच्या तोंडाच्या उंचीवर आला. त्यांनी भांबावून त्याच्याकडे पाहिलं, मग मागच्या गर्दीकडे, आणि मान हलवली. नको म्हणून.

तो बोलला तो गल्लीतल्या आवाजात नाही आणि रविवारच्याही नाही. तिनं आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकलेल्या, त्याच्या स्वतःच्या हळू आवाजात बोलला. तिच्यापलीकडे तो कुणापर्यंत पोचला नसेल.

"पाळकीणबाई," तो म्हणाला, "आत्ता त्यांना जे म्हणालात, ते एकदा मला सांगा. मी मागच्या बाकापर्यंत नेतो."